जिभेच्या डाव्या कडेला

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

सोबतच्या पार्सलात तुझा पांढरा कोट आहे. दुकानातली वरची फळी आवरताना जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात सापडला. उजव्या बाहीची शिवण उसवली म्हणून तू माझ्याकडे टाकला होतास. नंतर घरात इतकं काही उसवलं की बाहीकडे बघायला कुणाला वेळच झाला नाही. आता शिवली आहे. खिशांना आतून दुहेरी टीप मारली आहे, कारण तू त्यांत काय काय कोंबतेस ते मला माहीत आहे.

दोन वर्षांनी एकदम पत्र बघून दचकू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर एक तर तू गप्प बसशील नाहीतर मी. तुझ्या दवाखान्याचं कार्ड कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे होतं, त्यावरून पत्ता घेतला.

आमचं बरं चाललं आहे. चिरंजीवांना बढती मिळाली. दुकानात लग्नाच्या कपड्यांपेक्षा अल्टरेशनचीच कामं जास्त येतात. माणसं जाड होतात आणि दोष कपड्याला देतात.

जाता जाता एक विचारते. माझ्या एका गिऱ्हाईकबाईंच्या जिभेला डाव्या कडेला एक फोड आला आहे. मसुराच्या दाण्याएवढा. मागची एक दाढ तुटकी आहे, तिचं टोक लागतं. बाईंना तंबाखूबिंबाखू कसलंही व्यसन नाही, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलेलं नाही. औषधवाल्याने मलम दिलं, त्याने चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यांनी काय लावावं? दोन ओळींत कळवलंस तरी चालेल.

कोट घालून बघ. तू बारीक झाली असशील तर खांद्यात मोठा होईल.

— तुझी (आता काय लिहायचं ते तूच ठरव)


१८ फेब्रुवारी

डॉक्टरीण,

तुझं उत्तर वाचून मी दुकानात एकटीच हसले आणि मग हसायची थांबले. "काकू, तुमच्या गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करा, आणि आरशात तुम्हीच दिसलात तर मला खरं सांगा." बरं बाई, पकडलंस. फोड माझाच आहे.

काकू लिहिलंस ते वाचलं. ठीक आहे. आई लिहिलं असतंस तर मला उत्तर देणं जड गेलं असतं.

तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. किती दिवस झाले? महिना झाला असेल. रक्त येतं का? नाही. दात घासताना ब्रश लागला तर कुणालाही येतं तेवढंच. कान दुखतो का? नाही. मानेला गाठ? नाही. बोट लावून दाबलं तर मऊ लागतं की कडक? मऊ.

तू म्हणालीस म्हणून मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. चांगले आहेत ते. दाढेचं टोक घासून गुळगुळीत केलं आणि म्हणाले, दोन आठवड्यांनी दाखवा. तूही नेमकं तेच लिहिलं आहेस: टोक घासल्यावर दोन आठवड्यांत जखम भरायलाच हवी, नाही भरली तर मलमं बदलत बसायचं नाही, तुकडा काढून तपासायला द्यायचा. तुम्ही सगळे डॉक्टर एकाच गुरूचे चेले दिसता.

त्या तपासणीचं नाव तू सरळ लिहिलंस. मी ते पत्र ड्रॉवरमध्ये बटणांच्या डब्याखाली ठेवलं आहे. चिरंजीव ड्रॉवर उघडत नाहीत, पण उगाच कशाला.

आणि हो, टाचण्या अजून तोंडातच धरते. जित्याची खोड. तू किती वेळा ओरडायचीस आणि ती टाचण्यांची उशी आणून दिली होतीस. ती आहे अजून, तिच्यात सुया खोचते.


११ मार्च

डॉक्टरीण,

आधी गोड बातमी: काही नाही निघालं.

आता सविस्तर लिहिते. दोन आठवड्यांनी जखम होती तशीच होती, म्हणून चिरंजीवांना सांगावं लागलं. अर्धंच सांगितलं. ते मला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथे एक तरुण डॉक्टर होता, त्याच्यामागे एवढी रांग की बिचाऱ्याला घोटभर पाणी प्यायला उसंत नव्हती. त्याने जीभ बधिर केली, तुकडा काढला, बाटलीत टाकला. चिमटीत धरावा एवढासा. मला वाटलं होतं फार दुखेल, पण मुंगी चावल्यासारखंही वाटलं नाही.

काल रिपोर्ट आला. कर्करोगाच्या पेशी नाहीत, नुसती सूज आहे. चिरंजीवांनी इस्पितळाच्या पायरीवरच मला जवळ घेतलं. शाळेतून पहिला नंबर घेऊन आला होता तेव्हा मी त्याला घेतलं होतं तसं. घरी येताना त्याने माझ्यासाठी नवा चष्मा घेतला, त्याचा या सगळ्याशी काय संबंध ते त्यालाच ठाऊक.

तू मागितली होतीस म्हणून रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडते. आता तूही निर्धास्त राहा. खरं सांगू, तुझ्या त्या पत्राने मी पंधरा दिवस धड झोपले नव्हते. तुझा हेतू चांगला होता, पण काळजी करण्यात तू जरा पुढेच जातेस. पहिल्यापासूनच.

जखम आहे अजून. भरेल हळूहळू.


२० मार्च

तुला काय म्हणून हाक मारू तेच कळत नाही.

तू चिरंजीवांना फोन केलास. दोन वर्षांत त्याच्या वाढदिवसाला केला नाहीस, त्याला टायफॉइड झाला तेव्हा केला नाहीस, आणि परवा त्याच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना केलास. का, तर म्हणे आईंचा रिपोर्ट जखमेशी जुळत नाही, तपासणी पुन्हा करा.

संध्याकाळी तो घरी आला तो पायातले बूट न काढता स्वयंपाकघरात आला. "आई, तू तिला पत्रं लिहितेस?"

मी हो म्हटलं.

"मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर लिहू दिली असतीस?"

तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या इस्पितळाने काही नाही म्हणून लिहून दिलंय. हिला मात्र चार तासांच्या अंतरावरून, जखम न बघता, जास्त कळतं. तिला अजून आपल्या घरात नाक खुपसायचंय, दुसरं काही नाही."

माझी धाकटी बहीण आली होती. तिने तेलच ओतलं. म्हणाली, सोडून गेलेल्या सुनेला सासूची एवढी माया कुठून आली? तुला घाबरवून ती जुना हिशोब चुकता करते आहे.

मी तुझी बाजू घेतली नाही. घ्यावीशी वाटली नाही. सोन्यासारखा रिपोर्ट आला आहे आणि तू त्यात खोट काढत बसलीस. ज्या घरात पंधरा दिवसांनी माणसं नीट जेवायला लागली होती, तिथे तू पुन्हा विषय काढलास.

कृपा करून आता फोन करू नकोस. पत्रही नको. मी जेवते आहे, काम करते आहे. उजव्या बाजूने चावते एवढंच. तिखट बंद केलं आहे, ते या वयात करायलाच हवं होतं.


२ एप्रिल

डॉक्टरीण,

मीच लिहू नकोस म्हटलं आणि मीच लिहिते आहे.

काल एका मुलीच्या ड्रेसची फिटिंग घेत होते. कमरेला टाचण्या लावायच्या होत्या, म्हणून नेहमीसारख्या ओठांत धरल्या होत्या. मुलगी अवखळ, एकदम वळली आणि तिचं कोपर माझ्या गालाला लागलं. टाचणी आत गेली. मला कळलंच नाही. मी पुढची टाचणी काढायला हात तोंडाशी नेला तेव्हा मुलगी आरशात बघून म्हणाली, "मावशी, रक्त."

हनुवटीवर ओघळ आला होता. टाचणी जिभेच्या त्याच जागी रुतून उभी होती, आणि मला दुखलं नव्हतं. जिवंत मांसात टाचणी जावी आणि दुखू नये, हे कसं?

मुलगी गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढलं, हात धुतले आणि तू सांगितलं होतंस तसं दोन बोटांत धरून बघितलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा नव्हतं बघितलं. फेब्रुवारीतही बघितलं होतं. तेव्हाही ते कडकच होतं. तुला मऊ लिहिलं, कारण कडक लिहिलं असतं तर तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेत बटण शिवल्यासारखं काहीतरी आहे, आणि ते फेब्रुवारीपेक्षा मोठं झालं आहे.

आणि महिना झाला असेल असं जे लिहिलं तेही खोटं. ऑक्टोबरपासून आहे. डावा कानही दुखतो, रात्री जास्त.

हे मी त्या तरुण डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं, किती दिवस झाले, तर मी महिना म्हटलं आणि त्याने तसं लिहून घेतलं. बिचाऱ्याला दोष तरी कसा देऊ.

मी येऊ का तुझ्याकडे? चिरंजीवांना सांगणार नाही. दोरे-बटणं घाऊक आणायला जाते असं सांगेन. तू नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही, मागच्या पत्रानंतर तो तुझा हक्कच आहे. फक्त लवकर कळव.


९ एप्रिल

डॉक्टरीण,

सुखरूप पोचले. दोऱ्यांची चार रिळं बसस्टँडवर घेतली, म्हणजे अगदीच खोटं नको.

घरी आल्यापासून तोच दिवस डोक्यात फिरतो आहे. तू माझी वाट बघत दवाखान्याच्या दारात उभी होतीस. खुर्चीत बसवलंस, दिवा ओढलास आणि "आ करा" म्हणालीस. तुझी बोटं जिभेवरून फिरली, मग जिभेखाली, मग हनुवटीखाली, मानेला. किती हळू. मग हात धुवायला गेलीस आणि नळ बराच वेळ चालू राहिला. तेव्हाच मला कळलं.

मी विचारलं, "मग तो रिपोर्ट खोटा होता का गं?"

"रिपोर्ट खोटा नव्हता, काकू. त्या तुकड्यात जे होतं तेच त्यांनी लिहिलं. तुकडा चुकीच्या जागेचा होता. जखमेच्या मधोमध, वरवरचा काढलेला. तिथे नुसती सूज आणि मेलेलं मांस असतं. खरं काय आहे ते कडेला असतं, जिथे कडक लागतं तिथे, आणि थोडं खोल."

"म्हणजे कापड तपासायला दिलं आणि अस्तराचा तुकडा पाठवला," मी म्हटलं.

तू हसलीस. त्या दिवसभरात एकदाच. म्हणालीस, "आणि मी तेवढ्यासाठीच फोन केला होता. टोक घासूनही महिनाभर न भरलेली जखम आणि 'काही नाही' म्हणणारा रिपोर्ट, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. एक काहीतरी चुकतंय."

तुझ्या फोननंतर मी तुला काय काय लिहिलं, त्याची मला तेव्हा माफी मागायची होती. पण तू लगेच उठलीस, रिक्षा बोलावलीस आणि मला तुझ्या ओळखीच्या सर्जनकडे नेलंस. त्यांनी तुकडा काढताना तू माझा हात धरून उभी होतीस. या वेळी दुखलं. खूप दुखलं. मला बरं वाटलं, की योग्य जागी लागलं असेल.

पहिला तुकडा ज्यांवर ठेवून तपासला त्या काचाही मागवून घ्यायला सांगितल्या आहेस, त्यासाठी तू दिलेलं पत्र इस्पितळात दिलं.

रात्री तुझ्या खोलीवर झोपले. तू पलंग मला दिलास आणि स्वतः खाली. दाराशी खुंटीला दोन हेल्मेटं होती. मी काही विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. दुसरं हेल्मेट कुणाचं का असेना, माणूस जपून गाडी चालवणारा असावा, एवढंच मनात आलं.

आता रिपोर्टची वाट बघते. शिवायला बसते, पण हात चालत नाही. काल एकाच पँटचे दोन पाय दोन मापांचे केले.


१७ एप्रिल

तू सकाळी फोनवर सांगितलंस तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं. तुला वाटलं असेल, ही बाई दगड आहे. दुकानात गिऱ्हाईक होतं. झिपचा रंग निवडत होती, तिला निळी काढून दिली आणि मग बसले.

संध्याकाळी चिरंजीवांना सांगितलं. सगळं. दोरे-बटणांसकट. तो दुकानातल्या कापायच्या टेबलावर बसला, जे त्याने लहानपणीसुद्धा कधी केलं नव्हतं, मी ओरडायचे म्हणून. बराच वेळ कात्री उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "किती उशीर झालाय?"

"पहिल्याच पायरीवर आहे म्हणाली. दोन सेंटिमीटरच्या आत आहे. मानेत काही लागत नाही. आणखी तीन-चार महिने त्या रिपोर्टवर विसंबून राहिलो असतो तर सगळंच वेगळं झालं असतं, असंही म्हणाली."

"मी विसंबलो होतो."

"मीही," मी म्हटलं. "मला तर तो रिपोर्ट हवाच होता."

त्याने कात्री ठेवली, बाहेर जाऊन तुला फोन लावला. काचेतून दिसत होता. तो काय बोलला ते मला माहीत नाही, पण बराच वेळ तो ऐकतच होता, आणि तो ऐकून घेणारा माणूस नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत.

मला भीती वाटते आहे. हे फक्त तुला लिहिते. मरणाची नाही, म्हणजे तीही आहेच. पण मला बोलायला आवडतं गं. दिवसभर बोलत शिवते मी. गिऱ्हाईक कपड्यासाठी येतं आणि गप्पांसाठी थांबतं. जीभ कापल्यावर मी कोण उरेन?


१२ मे

डॉक्टरीण,

लिहायची परवानगी आहे, बोलायची अजून नाही. बोलायला गेलं तर लाळ गळते आणि नर्स रागावते.

जिभेचा डावा तुकडा गेला. मानेला कानापासून हनुवटीपर्यंत टाके आहेत. टाके नीट घातले आहेत, माझ्या नजरेतून सुटत नाही, फक्त एका जागी थोडं ओढलं गेलं आहे. काल मोठा रिपोर्ट आला: कापलेल्या कडा स्वच्छ, मानेतल्या गाठी स्वच्छ, किरणांचा शेक द्यायची गरज नाही. सर्जन म्हणाले, वेळेवर आलात. चिरंजीवांनी मान खाली घातली. वेळेवर आणलं कुणी ते आम्हा दोघांना माहीत आहे.

ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसला होतात, ते मला माझ्या बहिणीने सांगितलं. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. तिची आशा होती की काहीतरी जुळेल, म्हणून ती मुद्दाम दूर बसून कान देत होती. तिच्या पदरी एवढंच पडलं: तो म्हणाला, "थँक्स." तू म्हणालीस, "त्यांचा इन्शुरन्सचा फॉर्म तिसऱ्या खिडकीवर द्यायचाय, पाचच्या आत." बहीण फार हिरमुसली. मला मात्र ते ऐकून हसू आलं आणि टाके ताणले. तुमचं लग्न जसं होतं तसंच बोललात.

तुला माझ्याकडून काय हवं आहे, हे मी विचारणार नाही, कारण तू काहीच म्हणणार नाहीस. मीही मोठे शब्द लिहीत नाही. तुझ्या बहिणीला, भाच्यांना, त्या दुसऱ्या हेल्मेटवाल्यालाही जे काही शिवून हवं असेल ते माझ्याकडे पाठव.


३० ऑगस्ट

डॉक्टरीण,

तपासणी झाली, ठीक आहे. तीन महिन्यांनी पुन्हा.

दुकान उघडलं आहे. 'ट' आणि 'ळ' अजून घसरतात, 'र' तर माझ्या ताब्यातच राहिलेला नाही. परवा फोनवर एका माणसाने मला दारू प्यायलेली समजून फोन ठेवला. जुनी गिऱ्हाइकं थांबतात, नवी घाईत असतात. तू पाठवलेले व्यायाम सकाळी मशीन पुसताना करते. शेजारचा इस्त्रीवाला आधी घाबरायचा, आता तोही सोबत जीभ बाहेर काढतो. त्याच्या गालाला आतून पांढरा चट्टा दिसला, त्याला तुझ्या सांगण्याप्रमाणे दवाखान्यात पाठवलं आहे. गेला की नाही ते उद्या बघते.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही.

इस्पितळात नंबरची वाट बघत बसले होते. बाजूला माझ्याच वयाची बाई होती, तोंडावर रुमाल धरलेला. गाल एका बाजूने सुजलेला, मान ताठ. सोबत नवरा, मांडीवर फायलींची पिशवी. बाईला बोलता येत नव्हतं, म्हणून तो बोलत होता. त्यांचंही दाढेचं टोकच लागत होतं म्हणे. दहा महिने. आधी मलम, मग व्हिटॅमिनच्या गोळ्या, मग कुणीतरी तुकडा तपासला तर काही नाही निघालं. आनंदाने घरी गेले. पुन्हा कुणी बघायला सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. आता जबड्याच्या हाडापर्यंत गेलं आहे.

अगं, शब्दन् शब्द माझा होता. फक्त शेवट वेगळा.

मी माझं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "तुमचं लवकर कसं काय कळलं?"

मी म्हटलं, घरात डॉक्टर आहे. तो म्हणाला, "आमच्या घरात कोणी नाही हो." तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. मी माझ्याच पिशवीची नाडी ओढत बसले.

मग बाईंचा नंबर पुकारला. त्या एकट्याच आत गेल्या, पर्स त्याच्याकडे देऊन. तो ती पर्स दोन्ही हातांत धरून बसला. दार लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "होतं ना हो हे बरं?"

"होतं," मी म्हटलं.

माझ्या जिभेवरून तो शब्द नीट निघाला नाही. त्याला कळला नाही. त्याने कान पुढे केला आणि म्हणाला, "काय म्हणालात?"

मला तो पुन्हा म्हणावा लागला. आणि दुसऱ्यांदा म्हणताना मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.